डब्याच्या तारांना कच्चा दोरा

२ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कंप्युटर काल मालवाहतूकवाल्याच्या टेम्पोत चढवला. खोका आडवा करू नका, असं त्याला दोनदा बजावलं. तिसऱ्यांदा सांगायला गेले तर त्याने हातच जोडले. आमच्या ग्रंथालयाने हा कंप्युटर मोडीत काढला होता. रीतसर विचारून घेतलाय. परवानगीचा कागद खोक्यात अगदी वर आहे, कुणी विचारलंच तर असावा. स्क्रीन अवजड आहे, पाठीला पोक आल्यासारखी, पण अक्षरं ठसठशीत दिसतात. मोबाइलवरची मुंगीएवढी अक्षरं तुझ्या डोळ्यांना झेपत नाहीत, म्हणून हा खटाटोप.

दादाचं बोलणं माझ्या मनातून जात नाही. गेल्या खेपेला तो किती वेळ तुझं दार वाजवत होता, आणि तू आत शिलाई मशीनवर. तुला ऐकू येईना, आणि बाहेर त्याच्या मनात नको नको ते येऊन गेलं. लेकच तो तुझा, आईच्या काळजीनेच तुला त्याच्याकडे नेतो म्हणतोय, त्याचा दोष नाही. पण त्याच्या दोन खोल्यांत तुझं मशीन मावणार नाही, आणि मशीनशिवाय तू कशी दिसशील हे मला डोळ्यांपुढे आणवत नाही. रोज सकाळी तुझी एक ओळ आली तर आहेस तिथेच राहा, एवढं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तो येईल. तोवर हे जमलंच पाहिजे. फोन तुला आता ऐकू येत नाही, पण कंप्युटरवर लिहिलेली पत्रं फोनच्याच तारेतून जातात. फोनवाला इंटरनेटची डबी बसवून गेलाच आहे.

जोडणीसाठी प्रत्येक तारेला आणि कंप्युटरच्या डब्यावर तिच्या भोकाशेजारी एकाच रंगाचा दोरा लावलाय. लाल ते लाल, पिवळा ते पिवळा. जांभळा कीबोर्डचा, हिरवा माउसचा. या दोघांच्या गोल पिना जुळ्या बहिणी आहेत, तिथे जप. सगळं जोडल्यावरच भिंतीवरचं बटण लाव. काही चुकलं तर ते माझ्या लिहिण्यात चुकलं असं समज.

लोभाची शिवण घट्ट असू दे.
तुझी,
सुई

८ मार्च

चि. सुई हिस,
अनेक आशीर्वाद.

खोका उभाच्या उभा पोचला. गिऱ्हाइकं मापं लिहितात ती माझी पाटी टेम्पोवाल्याने मागून घेतली आणि त्यावर लिहिलं, "त्या बाई तुमच्या कोण?" मी खाली लिहिलं, "डोकं खाणारी भाची." त्याने मान डोलावली. तुझी ओळख गावोगाव झाली म्हणायची.

तुझ्या दोऱ्यांवरून सगळं जोडलं. स्क्रीन उजळली, मराठी अक्षरं आली. डब्यावर तळवा ठेवला तर आत पंखा फिरतोय हे हाताला कळतं, थेट माझ्या मशीनसारखं. सगळं कानांनीच ऐकावं लागतं असं थोडंच आहे!

मग कात्री घेऊन तुझे दोरे एकेक करून काढून टाकले. शिवण पक्की झाली की कच्चे टाके उसवायचेच. ते तसेच राहिले तर गिऱ्हाईक हसतं. तुझं काम नीटस दिसावं म्हणून चिमूटभर दोराही मागे ठेवला नाही. आता पत्रांचं पान उघडायचं ते सावकाश बघते. येत्या आठवड्यात रंगारी येतोय. दादा येईल तेव्हा भिंती तरी हसऱ्या असू देत.

जेवणाची वेळ चुकवू नकोस.
तुझी आत्या

१२ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहिते. आत्या, ते कच्चे टाके नव्हते गं! ते कायमचे होते. तसं लिहायला हवं होतं, तुझ्यासारख्या शिवणारीला तर आधी लिहायला हवं होतं. रंगारी येण्याआधी दोरे पुन्हा बांध. रंगारी येऊन गेला असेल तर काय करायचं ते मला सुचत नाही. त्याला टेबल हलवू देऊ नकोस.

धास्तावलेली,
सुई

१७ मार्च

चि. सुई हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राआधी रंगारी आला. टेबल ओढलं आणि सगळ्या तारा शेपट्यांसारख्या लोंबायला लागल्या. बऱ्याचशा परत गेल्या. उजवी बाही डावीकडे जातच नाही, तसं त्यांचं आहे. जुळ्या बहिणी मात्र अंदाजाने बसवल्या. आता काळ्या स्क्रीनवर इंग्रजी ओळ येते आणि पुढे सगळं ढिम्म. ती ओळ मी नक्षी उतरवतात तशी उतरवून सोबत ठेवली आहे. कुठलं फूल, कुठलं पान, मला कळत नाही.

शेजारच्या इस्त्रीवाल्यांना विचार, असं लिहू नकोस. ते आधी दादाला कळवतात, मग मला. आणि हे बघ, माझ्या हातून मोडलं असेल तर गोल गोल लिहायचं नाही. सरळ सांग. कपाटावरची बॅग काढून ठेवीन. हातातले कपडे मात्र पुरे करूनच निघेन. पलीकडच्या नर्सबाईंचे दोन गणवेश अर्धे आहेत.

तुझी आत्या

२१ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बॅग कपाटावरच राहू दे. काहीही मोडलेलं नाही.

तुझ्या नक्षीचा अर्थ असा: "कीबोर्ड सापडत नाही. पुढे जाण्यासाठी कीबोर्डवरचं बटण दाबा." मी वाचलं आणि ग्रंथालयात एकटीच हसले, इतकी की मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. घरी नसलेल्यालाच दार उघड म्हणण्यातली गत! जुळ्या बहिणी एकमेकींच्या घरात शिरल्यात, एवढंच झालंय. भिंतीवरचं बटण बंद कर, दोघींची अदलाबदल कर, पिनेच्या आतल्या काड्या वाकू न देता हळू बसव, मग बटण लाव. चालू असताना काढ-घाल करू नकोस. हे मी दोनदा लिहिणार होते, पण तू रागावशील.

तुझी नक्षी मी जपून ठेवली आहे. परक्या भाषेतली अख्खी ओळ, आणि एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आपल्या घरातल्या मुलींत शाळेत गेलेली मी पहिली. माझा अभ्यास तपासायला घरात कुणी नव्हतं, म्हणून तू शिवणाच्या खडूने उरल्या चिंध्यांवर माझ्याबरोबर अक्षरं गिरवायला बसायचीस. संध्याकाळी चिंधी झटकली की तुझा धडा पुसला जायचा आणि तू दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. आज मी इथे खुर्चीवर बसते ती त्या चिंध्यांवर बसते. उपकार हा शब्द तुला चालत नाही, म्हणून लिहून खोडला.

लोभ विरू देऊ नकोस.
तुझी,
सुई

२६ मार्च

चि. सुई हिस,
अनेक आशीर्वाद.

खोडलेलं वाचता येतं मला. पुन्हा असलं लिहिलंस तर तुझ्या झग्याला खिसे ठेवणार नाही.

बहिणी आपापल्या घरी गेल्या, डबा सुरू झाला. पण पत्रांचं पान उघडत नाही. आता मराठीत तक्रार आहे की घड्याळ मागे आहे. मी भिंतीवरचं घड्याळ टपालवाल्या बाईंच्या मनगटाशी ताडून पाहिलं. मिनिटाचाही फरक नाही. बाईंनीच मग बोटाने स्क्रीनचा कोपरा दाखवला. तिथे बारा वर्षांपूर्वीचं साल! त्यांनी ते नीट करून दिलं, पान उघडलंही. पण दुसऱ्या दिवशी बटण लावलं तर पुन्हा तेच जुनं साल.

त्या साली मला पातेल्यातलं पाणी उकळायला लागलेलं ऐकू यायचं. मी डब्याला म्हटलं, बाबा, तुझंच खरं असेल तर माझे कान परत दे. तो पंखा फिरवत बसला.

दादाचं पत्र आलंय. तिकीट काढलंय म्हणतो. बॅग तोच घेऊन येणार आहे, नवी, चाकांची.

तुझी आत्या

३० मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

डबा आजारी नाही, विसराळू झालाय. वीज बंद असतानाही तारीख लक्षात राहावी म्हणून आत नाण्याएवढा एक सेल असतो. तो संपलाय. हे मी इथेच तपासून पाठवायला हवं होतं. इथे तो दिवसभर चालूच असायचा, म्हणून लक्षात आलं नाही.

नवा सेल या पाकिटात चिकटवला आहे. भिंतीवरचं बटण बंद कर, तार काढ. डब्याचा बाजूचा पत्रा उघड. आत हात घालण्याआधी डब्याच्या सांगाड्याला, उघड्या लोखंडाला, हात लाव. जुना सेल नखाने हलकेच उचल. सुई किंवा कात्री लावायची नाही, तुझा हात कितीही हलका असला तरी नाही. नव्याची अक्षरांची बाजू वर. मग बाईंनी केली तशी तारीख घाल.

आणखी एक. स्क्रीन अशी ठेव की मशीनवरून मान वर केलीस की समोर दिसेल. आणि ती मधेच काळी पडणार नाही अशी सोय मी आधीच केली आहे.

मला झोप लागत नाही, पण ते तू मनावर घेऊ नकोस.

तुझी,
सुई

११ एप्रिल

चि. सुई हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तारेतून येतंय. एका बोटाने लिहितेय, तेव्हा चुका मोजू नकोस. टपालवाल्या बाई रुसल्या होत्या. त्यांना सांगितलं, चहाला यायला पत्र कशाला लागतं?

सेल बसला, नखानेच. साल आजचं राहिलं. तेव्हापासून रोज दादाला ओळ जाते. पहिल्या दिवशी लिहिलं, "मी बरी आहे." दुसऱ्या दिवशी तेच लिहायचा कंटाळा आला, म्हणून लिहिलं, "तुझ्या निळ्या शर्टाचं वरचं बटण अजून तुटलेलंच असेल." त्याचं लगेच उत्तर, "तुला कसं कळलं?"

काल मी नर्सबाईंच्या गणवेशाची कॉलर लावत होते. मान वर केली तर स्क्रीनवर नवी ओळ. "आई, दारात उभा आहे." उठून दार उघडलं. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात ती चाकांची बॅग, आणि चेहरा असा की शाळेतून रडत यायचा त्याची आठवण झाली. दार वाजवून बघावं असं मनातही आलं नाही म्हणे. मी पाटी पुढे केली. त्याने खडू हातात घेतला आणि लिहिलं, "बॅग रिकामी आणलीय, रिकामी नेतो."

रिकामी नेऊ देते की काय! तीन शर्ट, बटणासकट, सुनेचा झगा आणि नातीचे दोन फ्रॉक घालून गच्च भरली. चाकं कुरकुरली असतील. मला काही ऐकू आलं नाही.

तो झोपल्यावर डब्याच्या पाठीमागे बसून तारांना पुन्हा दोरे लावले. जांभळा, हिरवा, लाल, पिवळा, तुझ्या पहिल्या पत्रावरून. या वेळी दुहेरी दोरा घेतला आणि गाठ मारली. कुणी हसायचं तर हसो.

आणि तू आता झोप. ओळ सकाळी येईलच.

तुझी आत्या