स्वखुशीने, मास्तरांची हरकत नोंदवून

मी, शिवणकाम करणारी, वय वर्षे सदुसष्ट, डोकं पूर्ण ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. ‘स्वखुशीने’ या शब्दाला माझ्या पतींनी, म्हणजे निवृत्त विज्ञानशिक्षक मास्तरांनी, वकिलांसमोरच हरकत घेतली. स्वखुशी असं जगात काही नसतं, सगळं आधीच ठरलेलं असतं आणि काळ हा निव्वळ भास आहे, असं त्यांचं म्हणणं. वकील म्हणाले, “मास्तर, तो शब्द राहू द्या, नाहीतर उद्या कोर्टात मलाच घाम फुटेल.” म्हणून ठेवला आहे.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्यामागे मास्तरांची, त्यांच्यानंतर मुलीची. भिंतीवरचं घड्याळही मास्तरांनाच. काळ भास असला तरी चारचा चहा जरा लांबला की यांच्या भुवया चढतात, तेव्हा त्याला वेळेवर चावी द्यावी.

२. शिलाई मशीन मुलीला. ती शिवणार नाही, हे मला ठाऊक आहे. विकलं तरी माझी ना नाही, फक्त आधी तेल घालावं.

३. मोठी कात्री नणंदबाईंना कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. कापडाच्या कात्रीने त्यांनी पुठ्ठा कापला! वर मास्तर म्हणतात, “तिच्या हातून ते व्हायचंच होतं.” वा रे वा! बहिणीने धार घालवली तर ते विधिलिखित, आणि माझ्या हातून दूध उतू गेलं की तो माझा वेंधळेपणा.

४. ट्रंकेतली करडी पँट मास्तरांना. वडिलांच्या दुकानात मी स्वतंत्रपणे कापलेली ती पहिली पँट, यांचीच, डावा पाय दोन बोटं आखूड. वडील माझ्यावर ओरडणार, तेवढ्यात हे गिऱ्हाईक शांतपणे म्हणालं, “राहू द्या, हे होणारच होतं.” पुढे दर आठवड्याला यांच्या शर्टाचं बटण तुटायचं आणि ते लावून घ्यायला हे दुकानात हजर. मग लग्न झालं. “तुम्ही मला पसंत केलं होतं ना?” असं मी आजवर कितीदा विचारलं. उत्तर एकच, “कारणांची साखळी असते गं.” अहो, मी काय साखळीशी संसार केला?

५. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. “ठरलेलं असेल ते होईल,” असं दवाखान्यात मला सांगून हे खोलीबाहेर गेले आणि डॉक्टरांचा हात धरून म्हणाले, “दुसरा काही मार्ग नाही का हो?” दार उघडंच होतं. सगळं ठरलेलं होतं, तर हा माणूस विनवत कशाला होता?

मला भीती वाटते आहे. म्हणून जाण्याआधी त्या जुन्या प्रश्नाचं उत्तर हवं आहे. खाली जागा सोडली आहे. काय लिहायचं ते मास्तरांनी स्वतः ठरवावं. कोरी राहिली तरी घर त्यांचंच.

सही: शिवणकाम करणारी
साक्षीदार: शेजारचे चपला दुरुस्त करणारे काका, समोरच्या औषधांच्या दुकानातल्या बाई
ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा रविवार

मास्तरांसाठी सोडलेली जागा:
काळाबद्दलचं माझं मत कायम आहे. ती बटणं मात्र मीच तोडायचो. स्वखुशीने.