रकाना क्रमांक सात

४ ऑक्टोबर
निवासी डॉक्टरांचं वसतिगृह, खोली चौदा

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. मी मजेत आहे. तू कशी आहेस असं विचारत नाही, कारण 'मला काय धाड भरलीय' हेच उत्तर येणार. भावजींना नमस्कार आणि माझ्या भाचीला एक गालगुच्चा. रविवारी घरी जाशील तेव्हा पोचता कर.

फोन सोडून पत्र का, असं वाटलं असेल तुला. तुझ्या आरोग्य केंद्रात रेंज मिळते ती फक्त पाण्याच्या टाकीखाली, आणि तिथं उभं राहून बोलतानाही तुझा एक कान वॉर्डाकडे असतो. हे झालं एक कारण. दुसरं मागाहून सांगते.

तर बातमी अशी की नेमणुकीचा आदेश हातात आला! वैद्यकीय अधिकारी, आणि केंद्र तुझंच. यादीतून निवडायला सांगितलं तेव्हा लोक शहराजवळची केंद्रं धरत होते आणि मी डोळे मिटून तुझं केंद्र सांगितलं. परवा तू टाकीखालून ओरडलीस ना, "हजेरीपटातली सगळ्यात वरची ओळ दोन वर्षं कोरी आहे, तिथं तुझं नाव मी पेन्सिलीनं लिहून टाकलंय," तेव्हा मी वॉर्डातच उड्या मारल्या. तीन नंबरच्या खाटेवरच्या बाई म्हणाल्या, "डॉक्टर, कळा मला येतायत आणि उड्या तुम्ही मारताय?"

तू पुढं जे म्हणालीस तेही ऐकलं. डॉक्टर नसलेल्या केंद्रातून नर्सला सोडत नाहीत, म्हणून तुझी बदली दोनदा अडली. आता मी येणार, म्हणून तू तिसऱ्यांदा अर्ज टाकलास. चार वर्षं झाली तुला त्या क्वार्टरमध्ये एकटीला राहून. भाची पुढच्या वर्षी दहावीला. सगळं लक्षात आहे गं माझ्या.

फक्त एक बारीकशी अडचण आहे. आदेशात लिहिलंय, तीस दिवसांत रुजू व्हा. माझी परीक्षा एप्रिलमध्ये. आत्ता वॉर्ड सोडला तर अडीच वर्षांची प्रसूतिशास्त्राची हमाली पाण्यात, हातात कागदाचा चिटोराही पडणार नाही. आम्ही अकरा जण एकाच नावेत आहोत. सगळे मिळून मुदतवाढ मागतोय, परीक्षा संपेपर्यंत. आमच्यातला एक सर्जरीवाला आहे, त्याला आम्ही मसुदेबहाद्दर म्हणतो, कारण ऑपरेशनपेक्षा अर्ज बरा लिहितो. त्यानं एक नमुना केला, बाकीच्यांनी उतरवून काढला. आठ रकाने आहेत. माझे भरून झालेत.

सहाच महिने, ताई. सहा महिने काय, असे बघता बघता जातात. आणि तुझ्या बदलीशी याचा काही संबंध नाही, असं मसुदेबहाद्दर म्हणतो. मी मुद्दाम विचारून घेतलं.

बोलावणं आलं, पळते.

घाईत,
तुझी भिंगरी


२३ ऑक्टोबर
खोली चौदा

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरी आहे. म्हणजे आहे.

परवा तुझा फोन मी मध्येच ठेवला, रागावली नाहीस ना? "इमर्जन्सी आलीय" म्हणाले मी. खरं सांगू का, आली नव्हती. मी जिन्यात उभी होते, आणि तिथंच पंधरा मिनिटं उभी राहिले.

तू हसत सांगत होतीस, त्यानं जास्तच कसंतरी झालं. "यंदाही बदली नाही म्हणतात. ऑफिसात कुणीतरी माझं भलतंच कौतुक करून ठेवलंय गं. म्हणे माझ्यावाचून केंद्र चालायचंच नाही! कोण तो शहाणा आहे ते कळू दे मला, आधी चहा पाजते आणि मग चांगला सोलून काढते." असं म्हणालीस. मीही हसले. कसलं हसले देव जाणे.

माझी मुदतवाढ मंजूर झाली. तीस एप्रिलपर्यंत. अकरा जणांत माझी एकटीची, बाकीच्यांचे कागद अजून टेबलावर टेबल फिरतायत. मसुदेबहाद्दर तर चिडून बोलेनासा झालाय. "माझाच नमुना आणि माझाच अर्ज लटकला? तू काय वेगळं लिहिलंस?" म्हणतो. मी म्हटलं, नशीब.

इकडचं बाकी सगळं ठीक. काल हातमोज्यांवर हातमोजे चढवले, दोन जोड, आणि मला पत्ताच नाही. आमच्या विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, "तिसरा जोड आणून देऊ का? थंडी वाजतेय का तुला?" सगळे हसले. परवा वही उघडी टाकून आंघोळीला गेले आणि साबण खोलीतच राहिला. तू म्हणतेस तशी मी जन्मजात भिंगरी, पण हल्ली एका जागी बसले तरी आतून फिरतच असते. पुस्तकाचं पान उलटते आणि मागचं काय वाचलं ते आठवत नाही, म्हणून पुन्हा मागं येते, पुन्हा पुढं.

तुला कळलं नसेल, तुझ्या लेकीनं मला फोन केला होता. आईला सांगू नकोस म्हणाली, पण मी सांगतेच. म्हणते कशी, "मावशी, आई येणार म्हणून मी तिच्या कपाटातून माझे कपडे काढून खुर्चीवर ठेवले होते. आता परत आत ठेवू का?" आवाजात रडणं नाही, काही नाही. मी म्हटलं, थांब दोन दिवस, इतक्यात ठेवू नकोस. का म्हटलं कोण जाणे. माझ्या हातात काय होतं?

ताई, तू चिडत का नाहीस गं? मी तुझ्या जागी असते तर त्या टाकीवर चढून बोंब मारली असती. तू मात्र म्हणालीस, "जाऊ दे, तुझी तरी परीक्षा नीट होईल. एप्रिलात आलीस की पुढच्या यादीत बघू." पुढची यादी पुढच्या नोव्हेंबरात, आणि पोरीची दहावी सुरू होणार जूनमध्ये... हिशोब जुळवायचा प्रयत्न केला, जुळत नाही. तोवर तिचं दहावीचं अर्धं वर्ष उलटलेलं असेल.

आणखी एक लिहायचं होतं. आत्ता नको. मॅडम हाका मारतायत (खरंच मारतायत).

तुझी,
भिंगरी


१२ नोव्हेंबर
खोली चौदा, दुपार

ताई,

आज नमस्कार-चमत्कार काही नाही. सरळ सांगते, नाहीतर पुन्हा मॅडमना हाक मारायला लावीन.

तो शहाणा मी आहे.

मुदतवाढीच्या अर्जात सातवा रकाना होता, 'उमेदवार उशिरा रुजू झाल्यास रुग्णसेवेसाठी पर्यायी व्यवस्था'. मसुदेबहाद्दरानं तिथं एक ओळ दिली होती, 'पर्यायी व्यवस्था करण्यात यावी ही विनंती'. दहा जणांनी तीच लिहिली. मला वाटलं, एवढ्यानं कोण भाळणार? म्हणून मी माझं स्वतःचं लिहिलं. प्रत माझ्याकडे आहे, जशीच्या तशी उतरवते:

'या केंद्रात एक अनुभवी परिचारिका चार वर्षांपासून, त्यातली दोन वर्षे डॉक्टरविना, एकहाती काम पाहत आहेत. अडलेल्या बाईला कधी मोठ्या रुग्णालयात पाठवायचे आणि कधी धीर धरायचा, हे त्यांना पोटावर हात ठेवून कळते. घाबरलेली पहिलटकरीण त्यांचा आवाज ऐकला की शांत होते. मी स्वतः सुट्टीत त्यांच्या हाताखाली जे शिकले, ते मला पुस्तकांत पुढे सापडले. त्या असेपर्यंत या केंद्राची काळजी करण्याचे कारण नाही.'

तुझ्या तोंडावर यातलं एक अक्षर मी कधी बोलले नाही. तुला म्हणत आले, चष्मा बदल, पोळ्या जाड करतेस, किती जुनी झालीय ती साडी. आणि जे खरं मनात होतं ते एका अनोळखी साहेबाला लिहून दिलं, खाली 'आपली विश्वासू' म्हणून सही ठोकून.

गेल्या आठवड्यात एकटीच, अर्ज दिला होता त्या ऑफिसात गेले. तीन नंबरच्या टेबलावरच्या बाईंनी माझं नाव ऐकून चष्मा वर केला. "तुम्हीच का त्या? तुमचा सातवा रकाना साहेबांनी सगळ्यांना वाचून दाखवला हो. म्हणाले, याला म्हणतात अर्ज!" मग त्यांनी फाइल फिरवून मला दाखवली. 'त्या असेपर्यंत' या दोन शब्दांखाली लाल रेघ होती आणि समासात साहेबांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'मग यांना हलवू नये.' त्याच फाइलला खाली तुझा बदलीचा अर्ज टाचलेला.

तू विचारशील, लिहिताना ध्यानात आलं नाही का? आलं होतं, ताई. 'त्या असेपर्यंत' लिहिताना माझं पेन थांबलं होतं. तुझा अर्ज त्याच ऑफिसात आहे हे मला माहीत होतं. मी स्वतःला म्हटलं, ते वेगळं टेबल असेल. दोन्ही डगरींवर हात ठेवायचा होता मला, नोकरीही आणि पदवीही, आणि पाय टेकायला तुझा खांदा होताच. तो नेहमीच असतो.

बाईंना म्हटलं, तेवढं वाक्य खोडता येईल का? त्या हसल्याच. "अहो, दिलेलं खोडता येत नाही, मागे घेता येतं. पण मागे घ्यायचं तर अख्खा अर्ज. मुदतवाढही जाईल आणि सात दिवसांत हजर व्हावं लागेल." मग हळूच म्हणाल्या, "बदल्यांची यादी तीस तारखेला बंद होते. त्याआधी केंद्रात डॉक्टर हजर झाल्याचा कागद माझ्या टेबलावर आला, तर तुमच्या बहिणीचं नाव मी परत घालायला लावीन. एवढं मी करू शकते."

खोलीवर येऊन अर्ज मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. सही केली. तारीख घातली नाही. विचार असा होता की ते तुला पाठवावं आणि खाली लिहावं, 'ताई, तुला वाटत असेल तर तारीख घाल आणि दे पुढं.' मोठ्या मनाची वाटत होते मी स्वतःला, अगदी अर्धा दिवस. पाकीट चिकटवून झालं, तिकीट लावून झालं, आणि मग कळलं की मी काय करतेय. तू तारीख घातलीच नसतीस. तू ते पत्र घडी घालून डब्यात ठेवलं असतंस आणि मला म्हणाली असतीस, अभ्यास कर. हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर पाठवत होते.

पाकीट फाडलं. परवा सोमवारी त्याच दिवसाची तारीख घालून पत्र स्वतः नेऊन दिलं. 'आवक' असा शिक्का बसलाय त्यावर, तेव्हा आता टाकीखाली धावत येऊन मला अडवायला फोन करू नकोस, उपयोग नाही.

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मूर्ख मुली, पाच महिने राहिले होते. जागा मी धरून ठेवू शकत नाही. पुढं कधी राहिलेले महिने भरायला आलीस तर अर्ज कर, बघू. शब्द देत नाही." त्यांच्या खोलीतून बाहेर येऊन मी ढसाढसा रडले, खोटं कशाला बोलू? पदवी हवी होती मला. अजूनही हवीय. पाट्यांवर नावापुढं ती दोन अक्षरं बघितली की अजून तिथंच थबकते. पण 'तुझ्यासाठी सोडलं' असं मी कधी म्हणणार नाही, आणि म्हटलंच तर एक थोबाडीत दे. मी फक्त तुझ्याकडून जे उचललं होतं ते जागेवर ठेवतेय.

पत्र का लिहिते याचं दुसरं कारण राहिलं होतं. फोनवर मी खोटं बोलले की तू दुसऱ्या वाक्याला पकडतेस. कागदावर ते खोटं मला दोन पत्रं पुरलं.

हे तुला शनिवारी मिळेल. सोमवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं मी येते. हजेरीपटातलं पेन्सिलीचं नाव खोडू नकोस, त्याच्यावरून पेन फिरव. मोठ्या रुग्णालयाचा आणि गाडीवाल्याचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेव. कुठली खिडकी लागत नाही, कुठला दिवा चालू-बंद होतो, कुठल्या बाईला या महिन्यात दिवस भरतायत, सगळं वहीत लिही, कारण नंतर मी कुणाला विचारणार? मला भीती वाटते, ताई. पोटावर हात ठेवून मला अजून सगळं कळत नाही. यादी बंद होईपर्यंत तेरा दिवस मिळतील आपल्याला, जमेल तेवढं शिकव. ओरडून शिकव.

आणि तुझ्या लेकीला मी कळवलंय, कपाट रिकामंच ठेव.

बाई म्हणाल्या, बदली झालेल्या नर्सला केंद्रातून मोकळं करायच्या कागदावर वैद्यकीय अधिकाऱ्याची सही लागते. दोन वर्षं ती करायला तिथं कुणी नव्हतं. माझ्या नोकरीतली सगळ्यात महत्त्वाची सही ती असेल. पेन तुझंच देशील ना?

तुला सोडायला येणारी,
भिंगरी
वैद्यकीय अधिकारी, सोमवारपासून