उतारावरचे तीन पांढरे ठिपके

ता. ९ जानेवारी

चि. खटपट्या यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. काय रागवायचं ते आधी रागवून घे आणि मग पुढे वाच. हे सगळं फोनवर बोलता येत नाही. फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत तुझे भाऊजी. शिवणाचं दुकान बंद केल्यापासून त्यांनी ती खुर्ची धरून ठेवली आहे. पत्राची मात्र भीती नाही. आयुष्यभर सुईत डोळे घातले, आता जवळचं अक्षर लागत नाही म्हणतात. लांबचं अजून लख्ख दिसतं. समोरच्या गच्चीवर कोणी कुणाचा टॉवेल ओढून नेला ते खुर्चीतूनच मला सांगतात.

आम्ही दोघं मोठ्या प्रवासी बोटीने आठवडाभर फिरायला जाणार आहोत. ह्यांना सांगितलं आहे, दुकानातून सुटलात, आता जरा हवा खा. खरं कारण तुला सांगते. परतीच्या वाटेवर ती बोट आपल्या टिल्ल्याच्या बेटाजवळून जाते. मालबोटीवर ताप चढला, बंदर लांब होतं, म्हणून त्याला जिथे उतरवलं आणि जिथे तो कायमचा राहिला, तेच बेट. कंपनीने तेव्हा कळवलं होतं की दीपगृहाखालच्या उतारावर चुना दिलेला दगड आहे. तिथे बाहेरच्या कुणाला उतरू देत नाहीत. आमची बोट सकाळी दीड-दोन मैलांवरून जाईल, तेवढंच.

नऊ वर्षं झाली, पण ह्यांनी ते मानलेलं नाही. त्याचं नाव काढत नाहीत, काढू देत नाहीत आणि दाराची कडी वाजली की मान वर करतात. दूधवाला असला तरी. मला ते आता बघवत नाही रे. एकदा दाखवायचं आहे त्यांना. आणि मलाही बघायचं आहे, माझं पोर कुठे निजलं आहे ते.

त्यासाठी लांबचं जवळ आणणारा कॅमेरा हवा. तू कॅमेरे दुरुस्त करतोस, तूच निवड. शेजारीण म्हणते मोबाइल पुरे. माझ्या अंगठ्याचं दुखणं लक्षात ठेव आणि तोफ पाठवू नकोस.

तुझ्या रागासकट तुला आशीर्वाद. जीव लावतोस तसाच लाव.

तुझी,
ताई


ता. १६ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलो. एक गिऱ्हाईक वाकून आत बघत होतं, त्याला उद्या या म्हटलं. आता कामाचंच लिहितो, कारण दुसरं काही लिहायला घेतलं तर मला जमायचं नाही.

शेजारणीला सांग, मोबाइल वाढदिवसाला ठीक. तेवढ्या अंतरावरचा दगड त्यात दिसणारच नाही. बोटांनी ताणून चित्र मोठं होतं, पण ते आहे त्याच पिठात पाणी घालणं झालं. कॅमेऱ्यातही तसला एक डिजिटल झूम असतो आणि दुकानदार त्याचेच आकडे घसा ताणून सांगतात. मी तो बंद करून देणार आहे. भिंगं पुढे सरकून जे जवळ येतं तेवढंच घ्यायचं.

हातभर लेन्सचा मोठा कॅमेरा दिला तर चित्र उत्तम येईल, पण तुझा अंगठा दुसऱ्याच दिवशी संपावर जाईल आणि कॅमेरा केबिनमध्ये बसून सहल करेल. म्हणून खिशात मावणारा, तीस पट झूमचा. साठ पटवाले मिळतात, पण ते अंगाने थोराड, आणि शेवटच्या टोकाला समोरचं इतकं नाचतं की तुला बेट सापडेपर्यंत बोट निघून गेलेली असेल. छोट्या कॅमेऱ्याला उजेड जास्त लागतो, हे त्याचं वैगुण्य. सकाळ आहे म्हणून चालेल. ऊन चढलं की पाण्यावरची हवा हलते आणि चित्र उकळल्यासारखं दिसतं, तेव्हा पहाटेच तयार राहा.

आणखी एक. डोळा लावायची खिडकी हवीच. उन्हात मागच्या पडद्यावर आपलंच नाक दिसतं. खिडकीला डोळा लावला की कॅमेरा कपाळाला टेकतो आणि हातही स्थिर राहतो. तिच्या शेजारी एक बारीक चाक आहे, ते फिरवून ज्याच्या त्याच्या नजरेला जुळवून घेता येतं. भाऊजींना चष्म्याशिवाय दिसेल.

तीन दुकानं पालथी घातली. शेवटच्या दुकानात टायवाल्या विक्रेत्याने मला मेगापिक्सेल शिकवायला घेतलं. मी म्हटलं, साहेब, हे मी शाळेत शिकलो नाही हे खरं, पण तुम्ही विकता त्यांची आतडी मी रोज बाहेर काढून परत भरतो, तुम्ही फक्त डबा उघडा. त्याने उघडला. कॅमेरा चार दिवस स्वतः वापरून मगच पाठवीन.

टिल्ल्या सहा फुटांचा झाला तरी तुम्ही त्याला टिल्ल्याच म्हणत राहिलात, हे आठवून काल हसलो. मग शटर पूर्ण ओढलं.

भाऊजींना नमस्कार. तुझा लोभ आहे तिथवर माझं ठीक चाललंय.

तुझा,
खटपट्या


ता. ३ फेब्रुवारी

चि. खटपट्या यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कॅमेरा मिळाला. साबणाच्या वडीएवढा आणि वर तुझ्या सूचनांची चार पानं. कॅमेऱ्यापेक्षा त्या जड आहेत. पहिले दोन दिवस फक्त माझ्या अंगठ्याचे फोटो आले. आता समोरच्या गच्चीवरचे कपड्यांचे चिमटे मोजता येतात. ह्यांनी एकदा डोळा लावला, चाक फिरवलं आणि म्हणाले की समोरच्याच्या शर्टाचं तिसरं बटण दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्याने लावलेलं आहे. मग दिवसभर खुशीत होते. मला मात्र घास जाईना.

त्यांना बेटाचं आधी सांगावं की तिथेच? सांगितलं आणि केबिनमधून बाहेरच आले नाहीत तर? न सांगता कठड्यापाशी नेलं तर तो दगा होईल. तुला यातलं काही कळणार नाही, तू यंत्रांचा माणूस. तरी लिहिलं, दुसऱ्या कुणाला लिहू?

आशीर्वाद कायमचे.

ताई


ता. ८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माणसांचं मला कळत नाही हे तू लहानपणापासून सांगत आली आहेस, म्हणून त्यावर लिहीत नाही. फक्त एवढंच, की मला कुणी न सांगता नेलं असतं तर मी त्या माणसाशी पुन्हा बोललो नसतो.

यंत्राचं सांगतो. कॅमेरा कठड्यावर टेकवू नका. आधार वाटतो, पण इंजिनाची थरथर लोखंडातून वर येते आणि चित्र पुसट होतं. कोपरं बरगड्यांना चिकटवा, पाय फाकवून उभे राहा आणि श्वास सोडून झाल्यावर बटण दाबा. आधी झूम न करता बेट मधोमध घ्या, मग हळूहळू जवळ आणा. लगेच टोकाला गेलात तर नुसतं पाणी दिसेल आणि तू घाबरशील. काचेवर खारं पाणी उडालं तर पदराने पुसू नकोस, कापड दिलं आहे.

एकच फोटो काढून थांबू नका. बेट दिसतंय तोवर काढत राहा.

सांभाळून जा. तुमच्या पायांवर डोकं.

तुझा,
खटपट्या


ता. २ मार्च

चि. खटपट्या यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आलो. सुखरूप म्हणते.

आदल्या संध्याकाळी डेकवर बसलो असताना सांगून टाकलं. ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि उठून गेले. रात्री माझ्याकडे पाठ करून झोपले. सकाळी मी एकटीच निघाले, तर दारात हे माझ्या आधी बूट घालून उभे. म्हणाले, तुला ते चाक फिरवता येत नाही.

बेट केवढंसं होतं म्हणून सांगू. पाण्यावर कुणी टोपी विसरून गेल्यासारखं. मी आधी डोळा लावला, पण बेट सापडेना, सगळं आभाळच दिसे. ह्यांनी कॅमेरा काढून घेतला. तू लिहिलं होतंस तसे कोपरं आवळून उभे राहिले आणि मग किती वेळ हलले नाहीत. मी विचारलं, दिसतंय का? तर म्हणाले, दीपगृह दिसतंय, उतार दिसतोय, उतारावर तीन पांढरे आहेत. एकच असेल असं धरून मी इतकी वर्षं काढली होती. तिघांतला आपला कुठला?

हे म्हणाले, मधला. कशावरून म्हणता, असं विचारलं तर म्हणाले, टिल्ल्या कधी कडेला झोपलाय का? सुट्टीत सगळी भावंडं ओळीने निजायची, त्याला भिंतीकडे घाला की दाराकडे घाला, सकाळी कार्टं मधेच. नऊ वर्षांनी त्या तोंडून नाव आलं रे. मग बटण दाबलं, कॅमेरा माझ्याकडे दिला आणि रुमाल काढून तोंड फिरवलं. पुढचे फोटो मी काढले, बेट मागे पडेपर्यंत.

तेव्हापासून बोलताहेत. त्याचा पहिला सदरा, परीक्षेत लपवलेले गुण, सगळं. काल कडी वाजली. मी ह्यांच्याकडे बघितलं, तर मान वर केली नाही. मला म्हणाले, जा, दूध आलं असेल.

कार्ड सोबत पाठवते. ह्यांना तो मधला दगड मोठा करून हवा आहे, भिंतीवर लावायला. तूच कर, दुसऱ्या कुणाला देऊ नकोस म्हणाले.

तुझ्या यंत्राला आणि तुला आशीर्वाद.

ताई


ता. १३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र भाऊजींना वाचून दाखवू नकोस. त्यांनी विचारलं तर मी नेहमीसारखा काचा पुसण्यावर बोललोय असं सांग.

भाऊजींचा फोटो उत्तम आहे. इतक्या लांबून, हलत्या बोटीवरून, असा मलाही आला नसता. तो मोठ्या पडद्यावर लावला आणि मधला ठिपका कापून घ्यायला बसलो. कडा नीट लागेनात. मला वाटलं हवा हलली असेल, म्हणून तू काढलेले फोटो शेजारी लावले. दीपगृह जागच्या जागी. डावीकडचा ठिपका जागच्या जागी, उजवीकडचाही. मधला तुझ्या दुसऱ्या फोटोत खाली सरकला आहे आणि नंतर नाहीच.

ताई, ती शेळी आहे. चरत होती.

उजवीकडचा खडक आहे, पक्ष्यांनी पांढरा केलेला, त्याला आकार नाही. डावीकडच्याला चार सरळ कडा आहेत आणि भोवती जमीन साफ केलेली आहे. तोच दगड. या कामात मी चुकत नाही, तुला ठाऊक आहे. या वेळी चुकलो असतो तर बरं झालं असतं.

मी आजवर कुणाला नसलेलं काही आहे म्हणून छापून दिलेलं नाही. मधला मोठा केला तर पाय दिसतात, आणि भाऊजींना लांबून लख्ख दिसतं. डावीकडचा करून दिला तर ते एका नजरेत ओळखतील की हा तो नव्हे. मग पुन्हा पहिल्यासारखे बसतील का? आठ दिवस कार्ड समोर ठेवून बसलो आहे. माणसांचं तुला कळतं, तूच सांग. तू सांगशील ते करीन.

रागावू नकोस. आहेस तशीच माझ्यावर राहा.

तुझा,
खटपट्या


ता. १९ मार्च

चि. खटपट्या यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वेड्या, मला माहीत आहे. माझा डोळा त्या खिडकीला लागला तेव्हाच तिने मान उचलली, शेपूट झाडली आणि ती उतारावरून चालायला लागली. हे शेजारीच उभे राहून रुमालाने डोळे पुसत होते. तोंडाशी आलेला शब्द कसा गिळला ते माझं मला ठाऊक. मग कॅमेरा हळूच डावीकडे नेला. माझे शेवटचे सगळे फोटो त्या दगडाचेच आहेत. एवढं बारीक बघतोस आणि हे तुझ्या लक्षात आलं नाही?

मला जे बघायचं होतं ते मी बघितलं. भोवतीची जमीन कुणीतरी साफ ठेवतं, हे तुझ्यामुळे कळलं. ते मला दिसलं नव्हतं. ते वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले.

आता असं कर. ह्यांनी काढलेला फोटो आहे तसा अख्खा छाप, दीपगृह, उतार, पाणी, सगळ्यासकट. खुर्चीतून दिसेल एवढा मोठा कर, पण ठिपका ठिपकाच राहू दे. माझ्या शेवटच्या फोटोतला डावीकडचा दगड वेगळा छाप, खेळायच्या पत्त्याएवढा, आणि शेजारणीच्या पत्त्यावर पाठव.

हे तुला फोन करणार आहेत, मधला आणखी मोठा का केला नाहीस म्हणून. त्यांना सांग की नाही होत. सांग की कॅमेरा निवडताना तुझीच चूक झाली, साठ पटवाला घ्यायला हवा होता, तुझं यंत्र तिथेच संपतं. तुला हे म्हणताना किती जड जाईल ते मला कळतं. ते चिडतील, तुला चार शब्द सुनावतील, तू कसला कारागीर म्हणतील. ऐकून घे. माझ्यासाठी एवढं ऐकून घे.

तुझी,
ताई