खुंट्यांची खोली

कार्डिफ,
१४ ऑक्टोबर

प्रिय आई,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? बाबांची लोकरी टोपी पोचली का? मी ठीक आहे. अंबरीशही ठीक असावा. फोन सोडून पत्र का, ते शेवटी लिहिते.

सध्या वेल्समधल्या एका मध्ययुगीन मठाचं मोजमाप करतेय. छप्पर जवळजवळ पाचशे वर्षांपूर्वी गेलं, भिंती उभ्या आहेत. लेझर स्कॅनर लावायचा आणि दगडन् दगड टिपायचा. मंगळवारी चर्चला लागून असलेल्या एका अरुंद खोलीत अडले. रुंदी एक मीटर ऐंशी, खिडकी नाही. जुन्या नकाशात ‘पुस्तकांची खोली’ लिहिलंय. पण फळ्या असत्या तर भिंतीत भोकांच्या अनेक ओळी हव्या होत्या. इथे एकच ओळ, खांद्याच्या उंचीवर. भोकं एकेचाळीस. दोनदा मोजली.

ग्वेन नावाच्या पंचाहत्तरीच्या बाई तिथे लोकांना मठ दाखवतात. माझ्यामागे येऊन म्हणाल्या, “खुंट्या होत्या त्या. तू मापं घे पोरी, उपयोग मी सांगते.”

मठात येणाऱ्याला वर्षभर पारखायचे. मग तो शपथ घ्यायचा, आणि तिथेच त्याचे कपडे उतरवून मठाचा झगा घालायचे. उतरवलेले कपडे मात्र टाकायचे नाहीत, इथे खुंटीला सांभाळून ठेवायचे. पुढे कधी तो निघालाच, तर झगा काढून घ्यायचा आणि त्याचे कपडे त्याला परत द्यायचे. तसं त्यांच्या नियमातच लिहिलंय.

“म्हणजे हा जाणार हे गृहीतच धरलेलं?” मी विचारलं.

“गृहीत कशाला? नुसते कपडे ठेवलेले.”

किती जण परत न्यायला आले, याची नोंद नाही. लोकरीला कसर लागू नये म्हणून काय करत असतील? “कोणीतरी उन्हात घालत असेल,” ग्वेन म्हणाल्या. “उन्हात? वेल्सच्या या पावसात?” मी म्हटल्यावर पोट धरून हसल्या. खोली त्यासाठीच होती याला पुरावा नाही, म्हणून अहवालात मी ‘उपयोग अनिश्चित’ लिहिलं. पण तो कपडे उन्हात घालणारा माणूस डोक्यातून जात नाही. दरवर्षी दुसऱ्याचे कपडे झटकायचे, आणि ते कोणी मागू नयेत अशी इच्छा करायची.

लग्नाआधीच्या आठवड्यात तू माझं कपाट आवरत होतीस. “हे मावशीच्या ऋजुताला देऊन टाकू? तुला आता कशाला लागतंय?” मी लॅपटॉपमधून मान वर न करता “दे” म्हटलं. काय देतेस ते बघितलंही नाही.

तो कोपराला ठिगळ लावलेला राखाडी स्वेटर दिलास का? स्वेटर इथेही मिळतात. माझा प्रश्न स्वेटरचा नाही.

तीन आठवड्यांपूर्वी मी ब्रिस्टलचं घर सोडलं. अंबरीशने हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही. तू आधी तेच विचारशील म्हणून लिहिते. बाकीचं समोर बसून सांगेन. गेल्या तीन रविवारी व्हिडिओ कॉलवर “तो बाहेर गेलाय” म्हणाले, ते खोटं होतं. फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस, आणि मी परत गेले असते.

वीस डिसेंबरचं तिकीट बघून ठेवलंय, काढलेलं नाही. घरी येऊ का? कपडे ऋजुताला दिले असतील तरी एवढं उत्तर दे. दिले नसतील, तर एकदा उन्हात घाल.

पाकिटावरचा पत्ता नवा आहे. दारावर माझं लग्नाआधीचं नाव आहे.

तुझीच,
देविका