ख्शान किसताना

डिअर मम्मी,

हॅपी ईस्टर. मी ठीक आहे, रूम गरम असते, जेवते पण वेळेवर.

काल घरमालकीण याद्विगा आंटीने मला मदतीला बोलावलेलं. इथे पोलंडमध्ये ईस्टरच्या टोपलीत अंडी, ब्रेड आणि ख्शान नावाचं मूळ ठेवून फादरचा आशीर्वाद घेतात. दिसतं जाडजूड मुळ्यासारखं, पण किसलं की झणका थेट नाकात चढतो. आपला बाटली मसाला त्यापुढे गरीब. नंतर त्यात व्हिनेगर आणि उकडलेलं बीट घालून चटणी करतात.

किसताना माझे डोळे वाहायला लागले. आंटी म्हणाली, "सगळेच रडतात." पण वाटी झाकून ठेवली तरी माझं थांबेना. मग तिने हळूच विचारलं, "घरी कोण आजारी आहे?"

मी म्हटलं, "कोणी नाही."

मम्मी, पपा ठाण्याच्या डॉक्टरकडे गेलेले, पुढे काय झालं? फोन केला की ते झोपलेलेच असतात. डिलन म्हणतो, "दीदी, तू टेन्शन नको घेऊ." म्हणून तर जास्त येतं. मसाल्याच्या मिरच्या वाळत घातल्यास का? एकटी दमू नकोस.

हे पत्र मिळालं की फोन कर आणि तो आधी पपांच्या हातात दे. त्यांनी नुसतं माझं नाव घेतलं तरी मला कळेल.

तुम्हा सगळ्यांना मिठी,
तुझी बियांका