खंडेनवमीला बसवलेली चेन

रवि. २१ सप्टेंबर २०२५, सांगली
आयर्विन पुलावर भर गर्दीत बाइकची चेन पडली. यंदाची नववी वेळ. चारुलता मागे होती. उतरली, स्टँडपर्यंत चालत गेली आणि एसटीनं उंब्रजला माहेरी. माझे हात ग्रीसमध्ये, मी हाकही मारू शकलो नाही. एवढ्या तेवढ्यावरून बायको जाते?
संकल्प : दर रविवारी चेन पुसून ऑइल करणे.

सोम. २२
नईमकडे गेलो. शाळेपासूनचा दोस्त, गल्लीच्या तोंडाशी त्याचं गॅरेज. चार गिऱ्हाइकांसमोर त्यानं चेन बोटानं उचलून दाखवली. म्हणाला, "गड्या, नुसती चेन टाकू नगंस. दोन्ही स्प्रॉकेटच्या चक्रांचं दात गेल्यात. पुरा सेट बदल." दोस्तीतही आता धंदा आला. वाईट वाटलं.
स्वतःच बसवणार. दोन व्हिडिओ पाहिले. काहीच नाही त्यात.

शुक्र. २६
चेन आणली. फक्त चेन. दुकानदारानंही विचारलं, स्प्रॉकेट नको का? सगळे मिळालेले आहेत.
चारुलताला फोन : दसऱ्याला दुपारपर्यंत न्यायला येतो. तिनं विचारलं, नईमभाईंनी बसवली का? हो म्हणालो. तिला बरं वाटावं म्हणून. तर म्हणाली, येते. पण वाटेत चेन पडली तर पुन्हा न्यायला येऊ नका.
हे बोलणं लागलं.

रवि. २८
आज बसवणार होतो. मॅच होती. ऑइलचंही राहिलं.

बुध. १ ऑक्टोबर, खंडेनवमी
बसवली! चाक मागे ओढून चेन ताणली. मागचा नट पान्यानं आवळणार, तेवढ्यात घरमालकीण रंगूबाई विळी, कोयता आणि माझा सगळा टूलबॉक्स पाटावर मांडून, हळदीकुंकू, झेंडू वाहून मोकळी. पाना मागितला तर म्हणाली, "आवं, पुजल्यात आता. उद्या सोनं लुटून झाल्याबिगर हात लावायचा न्हाई." धर्मापुढे इलाज नाही. नट हातानं आवळला. माझ्या हाताला जोर आहे.

गुरु. २, दसरा. स. ८.३०
गाडीला हार. नईम गॅरेजमधून ओरडला, "कुणी बसवली रं?" तिकडे पाहिलंच नाही. निघालो. गाडी मक्खन.

स. १०.१५
कासेगावच्या अलीकडे नट ढिला, चाक तिरकं, चेन उतरून अडकली. जुनीनं दगा दिला तर समजू शकतो. ही सहा दिवसांची!
चारुलताला सांगितलं, कासेगावजवळ हायवेला जाम आहे. ती म्हणाली, तिथंच थांबा.
पाना घेऊन ये म्हणून नईमला फोन. तो म्हणाला, "वैनी निघाल्यात." ह्याला कसं माहीत?

दु. १२
चारुलता आली. एकटी. स्कूटरवर!! आज सकाळी मुहूर्तावर घेतली. मॉडेल नईमनं निवडलं. दोन महिने मी ऑफिसला गेलो की तोच तिला मैदानावर शिकवत होता. रंगूबाईला ठाऊक. गल्लीला ठाऊक. घरात सोडून सगळीकडे ठाऊक.
म्हणाली, हिला चेन नसते.
सांगलीला येतेय ना, विचारलं. म्हणाली, येते, पण माझ्या गाडीवर.

सायं. ५, घरी
बाइक कासेगावला पंपावर सोडली. परतताना म्हणालो, दे, मी चालवतो. नको म्हणाली. सात वर्षं तुमच्या मागे डोळे मिटून बसले, तेवढं पुरे.
डोळे मिटायची ते मला ठाऊक होतं. माझं ड्रायव्हिंग इतकं स्मूथ की हिला झोप लागते, असं मी ऑफिसात सांगत आलोय. ती घाबरून मिटायची. सात वर्षांत एकदाही बोलली नाही. हा खरा विश्वासघात. फार लागलं.
तिच्या मागे बसून हेच मनात घोळवत होतो. पेठ नाक्यानंतरचं काही आठवत नाही. मला झोप लागली होती.