हातावर पाणी

१ एप्रिल
शेजारची लुसिया आली होती. तिचं म्हणणं, सोंगक्रानला तिच्या मुलाला, चाम्रूनला, माझ्या हातावर पाणी घालू द्यावं. "नव्या वर्षाला वडीलधाऱ्यांच्या हातावर पाणी घालून क्षमा मागायची, हे तुमचंच ना? मग घालू दे त्याला."

तुमचंच म्हणे! चर्चमध्ये जाणारी ही, पण सोंगक्रानला आमच्या देवळात सगळ्यांच्या पुढे.

गेल्या सोंगक्रानला याच चाम्रूनने पिऊन गाडी चालवली आणि माझ्या नवऱ्याला, वीरातला उडवलं. गाडीच्या मागे लोकांवर उडवायच्या पाण्याचं पिंप, पिंपाभोवती नाचणारी टोळी. पोलीस म्हणाले, जागच्या जागी गेले.

हात पुढे केले की क्षमा दिली असं होतं. सगळ्या गल्लीदेखत. मी म्हटलं, "बघू." लुसियाला कळलं असेल.

३ एप्रिल
त्यांचा गुड फ्रायडे. मासळी घेऊन येताना चर्चच्या दाराशी थांबले. क्रुसावरच्या लाकडी देवाच्या पायांचं चुंबन घ्यायला रांग. एक माणूस दर चुंबनानंतर पाय पुसतो — त्याच एका फडक्याने. रांगेत चाम्रून, पांढऱ्या कडक शर्टात, मान खाली.

मी चौथीपर्यंत शिकले, पण लुसियाचं ते जाडं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलंय. तिने नाही. त्यात क्षमेबद्दल पुष्कळ आहे. विधवांबद्दलही आहे, ते कोणी वाचून दाखवत नाही.

यांचा देव परवा उठेल, मग जेवणावळी. आमचा माणूस वर्ष झालं, उठला नाही.

५ एप्रिल
पलीकडे ईस्टरच्या घंटा, इकडे आमचं छेंगमेंग. सासर चिनी; वर्षातून एकदा सगळे पितरांच्या थडग्यांवर, साफसफाईला आणि नैवेद्याला. ऊन मी म्हणत होतं. उकडलेल्या बदकावर माश्या, बाजूला फटाके, धूर. गवत मी एकटीनेच उपटलं.

मग नणंदेने, कीमने, पिशवीतून काढली कागदाची मोटार. वीरातसाठी जाळायला, म्हणजे त्याला तिकडे पोचेल. आत कागदाचा ड्रायव्हरसुद्धा.

मी म्हटलं, "वन्सं, गाडीखालीच गेला तो. त्याला गाडी पाठवता?"

"अगं, ही परदेशी आहे," कीम म्हणाली. "आणि ड्रायव्हर पीत नाही."

सगळे हसले. मी लांब जाऊन ओकले. उन्हामुळे, असं सांगितलं.

९ एप्रिल
देवळातल्या थोरल्या भिक्षूंनी बोलावून घेतलं. "सोडून द्या, बाई. तेराला या, खुर्चीत बसा, हात पुढे करा. गल्लीला बरं वाटेल."

गल्लीला! मला काय वाटेल ते कोणी विचारत नाही. संध्याकाळी बँकॉकहून फाकाचा फोन. "आई, एका मिनिटाचं काम आहे. करून टाक आणि मोकळी हो." पोटची पोर ही.

चर्च, देऊळ, मुलगी — सगळ्यांचा धर्म एकच निघाला. मी गप्प बसावं.

१० एप्रिल
मच्छरदाणीत त्याची बाजू अजून रिकामी ठेवते. मधोमध झोपताच येत नाही.

१३ एप्रिल
गेले. गेले नसते तर भ्याले म्हणाले असते.

रस्ताभर तेच किळसवाणं सगळं. फुलाफुलांचे शर्ट, तोंडाला फासलेली पावडर, बियरचा वास, गटाराचं पाणी बादल्यांनी अंगावर. एका पोराने माझ्याही गालाला पावडर फासली. "आजी, नवं वर्ष!" त्याच्या हातावर फटका दिला.

देवळात आम्ही म्हातारे ओळीने खुर्च्यांवर. तरुण माणसं एकेकाच्या हातावर फुलं टाकलेलं सुवासिक पाणी घालत, आशीर्वाद घेत. चाम्रून आला, गुडघ्यांवर बसला. चांगला चौतिशीचा बाप्या, वाटी दोन्ही हातांत धरून.

मी हात मागे घेतले. ओढणीखाली.

कोणीतरी खाकरलं. लुसिया म्हणाली, "अगं, देवासाठी तरी!"

"कुठल्या?" मी विचारलं.

त्याने वाटी जमिनीवर रिती केली आणि उठला. मला वाटलं होतं, बरं वाटेल. नाही वाटलं. पण चुकलंही नाही वाटलं.

१४ एप्रिल
वीरातला आज वर्ष झालं.

सकाळी चाम्रून मागच्या दारी आला. रिकाम्या हातांनी. म्हणाला, "मावशी, काका लगेच गेले नव्हते."

त्याने सांगितलं, गर्दीमुळे अँब्युलन्सला रस्ताच मिळेना. टोळी पळाली. हा वीरातचं डोकं मांडीवर घेऊन बसला. पोलिसांना सांगितलं होतं, त्यांनी लिहिलं नाही. लुसियाने त्याला बजावलं, मावशीला सांगू नकोस, आणखी त्रास होईल.

मी विचारलं, "तू का नाही पळालास?"

"त्यांनी माझा हात धरला होता, मावशी. शेवटपर्यंत सोडला नाही."

आतून वाटी आणून त्याला दिली. फुलं नव्हती. नळाचंच पाणी. मग मी हात पुढे केले.